चार भांडी, चार कोंबडे

१८ जून १९६१, रविवार

ही वही माझी नाही, माझ्या रागाची आहे. चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून फुगवला, काटा पाहिला आणि म्हणाले, "पाटील, राग आला की तोंड मिटायचं, घरी जायचं आणि लिहून काढायचं, डोकं हलकं होतं. ओरडायचं नाही." मी म्हटलं, सरपंचानं ओरडायचं नाही तर काय भजनं म्हणायची? ते म्हणाले, म्हणा.

तर मी, प्रेमचंद पाटील, वय बावन्न, व्हर्नाक्युलर फायनल पास, केळीचा बागाईतदार आणि पिंपळतळे ग्रामपंचायतीचा सरपंच, आजपासून ओरडणार नाही. लिहिणार. आमच्या हिला, म्हणजे जसोदाबाईला, हे सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून आत गेली. हसली असणार.

पहिला राग आजच आला. तालुक्याहून पत्र आहे. आमच्या तळ्याकाठी गेल्या वर्षी, महाराष्ट्र झाला त्या आनंदात, पंचायतीनं बाग केली. झोपाळे टाकले, बोगनवेल लावली. लोक येतात, आणि मग काठावरच्या झुडपांत परसाकडे बसतात. पाऊस पडला की ते सगळं तळ्यात. 'सबब यंदा कानबाईचे विसर्जन तळ्यावर करण्यास परवानगी देता येत नाही. संडासांची योग्य सोय झाल्यास विचार करू.'

कानबाई म्हणजे आमच्या बायकांची दिवाळी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरोघर बसते, रोट होतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत तळ्यावर. आसपासच्या बारा गावांच्या बाया येतात. तळं बंद तर सगळ्यांनी प्रकाशा गावाला तापीवर जायचं, भर चिखलातून बैलगाड्या हाकत. म्हाताऱ्या जाणार कशा, लेकुरवाळ्या जाणार कशा?

संध्याकाळी हिला घेऊन बागेत गेलो, डोकं थंड करायला. उसाचा रस घेतला. हिला म्हटलं, घे. "माले नको." पाणी? "नको, तहान नही." हिला तहानच कमी. लग्नाला तीस वर्षं झाली, घराबाहेर हिला पाणी पिताना मी पाहिलेलं नाही. उंटाची जात आहे, असं मी चारचौघांत म्हणतो, सगळे हसतात.

२५ जून

ग्रामसभा. मी उभा राहिलो आणि सांगितलं, संडास बांधू, कानबाईचं विसर्जन आपल्याच तळ्यावर होईल, नाहीतर सरपंचकी सोडीन. टाळ्या पडल्या. मग सुकलाल वाण्यानं विचारलं, "आण्णा, तळाना काठवर संडास? म्हणजे ते पानी आम्ही पेवानं?" मला इतका राग आला की मी तोंड मिटलं आणि घरी आलो. सभा तशीच राहिली. आता कळतं, उत्तर देऊन यायला हवं होतं. पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

बायका मात्र शिस्तीच्या. सकाळी आठपासून एकपर्यंत बसल्या, पाण्याचा माठ समोर होता, एकीनंही हात लावला नाही. पुरुषांनी दोन माठ संपवले.

३ जुलै

आज आनंदाचा दिवस. लोकल बोर्डाचे ओव्हरसियर गिरासे आले. दिलवरसिंग गिरासे, तरणा माणूस, सायकलवरून येतो, चिखल गुडघ्यापर्यंत. त्यानं जागा दाखवली: तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे, तळ्यापेक्षा खाली, उताराला. तळ्याकडे थेंब येणार नाही. चार खोल्या बायकांना, पुरुषांच्या पुढच्या वर्षी. (घरी ओसरीवर बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, आधी पुरुष? हिनं आतून भांडं आपटलं. मी म्हटलं, बरं, आधी बायका.) खाली विटांची टाकी, तिचे दोन भाग. घाण आत आपोआप कुजते, वरचं पाणी पुढे खडी-वाळूच्या चरात जाऊन मुरतं. भंग्यानं डोक्यावर वाहून न्यायचं काही नाही. मला हे फार आवडलं. माणसानं माणसाचं वाहायचं, ही लाज आपल्या गावाला नको.

आणि मग मला सुचलं! चराच्या बाजूनं केळी लावायच्या. केळीइतकं पाणी पिणारं झाड नाही, हे मला कोण सांगणार? गिरासे उठून उभे राहिले, म्हणाले, "पाटील, हे आमच्या पुस्तकात नाही." मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याकडे केळी नसतील.

बांधकाम कय्युम मिस्त्रीकडे. त्याच्या बापानं आमचं घर बांधलं, एक वीट हललेली नाही.

१४ जुलै

खड्डा झाला. पावसानं भरला. उपसला. पुन्हा भरला. कय्युम हसतो, मी वही लिहितो.

पण आज सुकलाल खड्ड्याशी आला. कय्युमनं त्याला बादलीभर पाणी पाळीच्या पलीकडे ओतून दाखवलं. "दख शेठ, पानी कोनीकडे जास? तळाकडे चढी का?" सुकलालनं पाणी पाहिलं आणि म्हणाला, "मंग ठीक शे." जे ग्रामसभेत मला जमलं नाही ते एका बादलीत झालं.

२२ जुलै

केळीचे चोवीस कंद माझ्या मळ्यातून आणून चराच्या कडेनं लावले. टाकीच्या भिंती छातीएवढ्या झाल्या. ही रोज दुपारी डबा घेऊन येते, डबा मला देते आणि भिंती पाहत उभी राहते. आज हातानं चाचपून पाहिली. घराची भिंत बांधली तेव्हा हिनं एवढं लक्ष दिलं नव्हतं. मी विचारलं, काय पाहतेस? म्हणाली, "दरवाजाले आतून कडी शे ना?" आहे म्हटलं. "पक्की?" आता कडी पक्कीच असते की.

२९ जुलै

आज मी खरोखर ओरडणार होतो. नाही ओरडलो. म्हणून चार पानं भरतील.

गिरासे ओव्हरसियरची चिठ्ठी आली. मी त्या माणसाला देवमाणूस समजत होतो. चिठ्ठीतला मजकूर उतरवून ठेवतो, पुढेमागे पुरावा लागेल.

'सरपंचसाहेबांस नमस्कार. आता राहिलेल्या सामानाची सोय करावी. भांडी चार. कोंबडे चार. कोंबडे पाहून घ्यावेत, मान नीट वळलेली असावी, पाणी धरणारे असावेत. कोंबडे आल्याशिवाय पुढचे काम करता येत नाही. आपला, दि. गिरासे.'

भांडी चार! कोंबडे चार! उघडउघड मागतो! रांधायला भांडी आणि वर कोंबडे! आम्ही गुजर, आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही, आणि हा मला कोंबड्यांची मेजवानी मागतो, तीही लेखी, सहीनिशी. वर चोखंदळपणा पाहा, मान नीट वळलेली हवी. कोंबडा पाणी धरतो म्हणजे काय, ते खाणाऱ्यालाच ठाऊक.

मी देणार नाही. प्रेमचंद पाटलानं आजवर कुणाला लाच दिली नाही.

३१ जुलै

कय्युम विचारतो, "आण्णा, कोंबडा उनात का?" आले का म्हणे!

म्हणजे हाही सामील! ज्याच्या बापानं माझं घर बांधलं तो! मी तोंड मिटलं, वळलो, घरी आलो. मागून तो ओरडत होता, "आण्णा, कोंबडा बगर भांडं बसस नही!" बसत नाही म्हणे. चुलीवर बसत नसेल.

४ ऑगस्ट

काम बंद. भिंती झाल्या, टाकी झाली, वर झाकण झालं, दारं लागली. आत खोल्यांत नुसती भोकं. कय्युम रोज येतो, कोंबड्यांचं विचारतो, मी रोज घरी येतो. डॉक्टर म्हणाले होते तसं डोकं हलकं होत नाही. जड होतं.

गिरासेला उलट चिठ्ठी धाडली: 'आपली अपेक्षा पूर्ण होणे नाही. प्रेमचंद पाटील.' एवढंच. त्याचं उत्तर आलं: 'आपल्याकडे मिळत नसल्यास धुळ्याहून मागवावेत. तिकडचे जास्त मजबूत.' निर्लज्ज!

ही म्हणाली, "काय व्हयनं? काम काबर बंद शे?" मी वही घेऊन बसलो. बायकांना असल्या गोष्टी कशाला सांगायच्या? मनाला लागतं त्यांच्या.

या पानावर पिवळा डाग कसा पडला? बहुतेक जेवता जेवता लिहिलं.

८ ऑगस्ट

कानबाईला बारा दिवस. आज मारुतीच्या पारावर म्हातारे बैलगाड्यांची वाटणी करत होते, कोणती गाडी प्रकाशाला कोणाला नेणार. मला पाहून त्यांनी पावसाचा विषय काढला. मला वाटलं होतं मी चिडेन. चिडलो नाही, रडू आलं. हे लिहायची परवानगी डॉक्टरांनी दिलेली नाही, पण लिहितो.

रात्री जेवण गेलं नाही. चार कोंबड्यांसाठी बारा गावांच्या बायका चिखलातून जाणार. देऊन टाकावेत का? सात पिढ्या एकीकडे आणि कानबाई एकीकडे. पण एकदा दिली की मग लाच देणारा सरपंच म्हणूनच मरायचं.

हिला विचारलं, तू गाडीतून जाशील ना प्रकाशाला? म्हणाली, "मी नही जावावं. पाच कोस जावानं नि पाच कोस येवानं, दिनभर. माले जमत नही." गाडीत बसून जायचं, त्यात न जमण्यासारखं काय? पण हिचं तोंड एवढंसं झालं होतं. कानबाईचं विसर्जन हिनं कधी चुकवलेलं नाही.

हळदीचा डाग पुन्हा. वही स्वयंपाकघरापासून लांब ठेवायला हवी.

१० ऑगस्ट

पंचायतीचा शिपाई भिला दोन दिवस कुठे गायब होता, आज उगवला. विचारलं तर म्हणे अक्कलकुव्याच्या बाजाराला गेलो होतो. कशाला? "काम व्हतं." कोणाचं? जमिनीकडे पाहत राहिला. सरपंच मी की आणखी कोणी?

१२ ऑगस्ट, शनिवार

लिहितानासुद्धा हात हसतोय.

सकाळी गिरासे आले. मी पंचायतीत खुर्चीवर, तोंड मिटून. कय्युम दाराशी. तेवढ्यात आमची ही आली. पंचायतीत! आजवर हिनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मागे भिला, डोक्यावर मोठी टोपली. तिनं हातातली चार नवी कोरी पितळी पातेली टेबलावर ठेवली, एकात एक घातलेली, तिच्या माहेरची. मग भिलानं टोपली उतरवली, झाकण काढलं, आणि चार जिवंत कोंबडे बाहेर! एक माझ्या कागदांवर, एक खिडकीत, दोन गिरासेंच्या पायांत.

ही म्हणाली, "साहेब, ह्या तुम्हना भांडा, नि ह्या तुम्हना कोंबडा. माना दखी ल्या, नीट शेतस. आते मन्हा बायास्ना काम कराले लागा."

गिरासे कोंबड्यांकडे पाहत राहिले. मग पातेल्यांकडे. मग माझ्याकडे. मग त्यांनी हळूच विचारलं, "पाटील, माझी चिठ्ठी तुम्ही... या अर्थानं वाचली?"

मी म्हटलं, दुसरा अर्थ कोणता?

कय्युम मिस्त्री दारातच खाली बसला आणि डोक्याला हात लावून असा हसायला लागला की त्याला ठसका आला. संडासात बसायचं जे असतं त्याला म्हणतात भांडं. आणि त्याच्या खाली वाकड्या मानेचा जो नळ असतो, ज्याच्या बाकात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि खालची घाण वर येऊ देत नाही, त्याला सगळे गवंडी म्हणतात कोंबडा! मान वळलेली, पाणी धरणारा!

मी आयुष्यात इतका लाजलो नाही. गिरासेंचे पाय धरायला वाकलो तर तिथे कोंबडा. शेवटी आम्ही सगळेच हसलो, रस्त्यावरचे लोक आत डोकावायला लागले.

घरी आल्यावर ही म्हणाली, "एक डाव वरडी लेतात ते पंधरा दिन वाचतात." खरंच की, एकदा ओरडलो असतो तर! डॉक्टरांचं औषध मला लागू पडलं, गावाला नाही.

एक कोडं मात्र राहिलं. भांडी आणि कोंबडे, दोन्ही चारचारच लागतात, माना नीट लागतात, हे हिला कोणी सांगितलं? मी तर कोणाला बोललो नव्हतो. कय्युमनंच सांगितलं असणार.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन, आज भिला धुळ्याहून आला. भांडी गिरासेंनी बोर्डाच्या ट्रकमधून आधीच धाडली, कोंबडे भिलानं एसटीतून पोत्यात आणले. तो सांगत होता ते तसंच लिहितो. "कंडक्टर म्हने, पोतामा काय शे? मी म्हनं, कोंबडा. तो म्हने, कोंबडास्नं तिकीट काढ. मी म्हनं, जिता नही शेतस. तो म्हने, मरेल कोंबडा गाडीमा चालतस नही, उतर!" अर्ध्या वाटेत पोतं उघडून दाखवलं तेव्हा सगळी गाडी हसली म्हणे.

कय्युम दिवसरात्र लागला आहे. त्याची बायको मदिना संध्याकाळी चहा घेऊन आली आणि आमच्या हिच्याबरोबर खोल्या आतून पाहत होती. दोघी काहीतरी हळू बोलत होत्या. मी जवळ गेलो की गप्प. बहुतेक कडीविषयी.

१९ ऑगस्ट

तालुक्याहून साहेब आले. कय्युमनं प्रत्येक भांड्यात बादली ओतली. पाणी खाली गेलं, थोडं बाकात राहिलं. साहेबांनी वाकून वास घेतला. नाही! वासच नाही. त्यांनी तळ्याची पाळ पाहिली, उतार पाहिला, केळीची कोवळी पानं पाहिली आणि तिथल्या तिथे परवानगी लिहून दिली. कय्युमनं मला उचललं. बावन्न वर्षांच्या सरपंचाला!

खरे चार कोंबडे बागेतच राहतात. कापायचं नाही, मी सांगून टाकलंय. साहेब सही करत होते तेव्हा चौघं एकदम आरवले.

२१ ऑगस्ट १९६१, सोमवार

सगळं सांगतो, क्रमानं.

सकाळपासून बाया आल्या. डोक्यावर कानबाई, नथी, हिरवी लुगडी, डफ, फुगड्या. बारा गावांच्या. तळ्याची पाळ नुसती रंगली. मी संडासांसमोर खुर्ची टाकली, गळ्यात हार, बाजूला गिरासे, सुकलाल, पंचायतीचे सगळे मेंबर आणि बँडवाले. म्हटलं, एवढी चांगली गोष्ट केली, लोकांनी वापरावी, आपण पाहावी.

नऊ वाजले. दहा वाजले. अकरा. एकही बाई फिरकली नाही! लांबून बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. माझा जीव खाली वर. एवढा खटाटोप केला, आणि यांना नकोच? मी बँडवाल्यांना म्हटलं, जोरात वाजवा, लक्ष जाईल.

तेवढ्यात ही आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही आठून जा."

मी म्हटलं, इथून का जाऊ? सरपंच आहे मी.

"तुम्ही आठे बँड लिसन बठेल शेतस, बाया कशा जातीन?"

मला राग आला. तोंड मिटलं, हार काढला, खुर्ची उचलली आणि पाळीच्या पलीकडे जाऊन बसलो, तळ्याकडे तोंड करून. बाकीचेही आले. बँडवाले पण. थोड्या वेळानं मागून हसण्याचा आवाज यायला लागला. सुकलालनं मान वळवली, मी त्याला म्हटलं, वळू नकोस. मग स्वतःच एकदा वळलो. रांग लागली होती! म्हाताऱ्या, सुना, माहेरवाशिणी, सगळ्या. एक पोरगी सासूला म्हणत होती, "आत्याबाई, जरा कोंबडा दखी येस." सासू म्हणाली, "मी बी येस." आणि दोघी हसत निघाल्या. दुपारपर्यंत सगळ्या बारा गावांच्या तोंडी तो शब्द झाला होता. कोंबडा दखी येस, पाहून येते! चारचौघांत, मान वर करून. आजवर या गोष्टीला बायकांकडे शब्दच नव्हता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दोन वाजता विसर्जन झालं. पाणी निवळ. ही ओल्या पायांनी पाळीवर आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पानी शे का?"

मी तांब्या दिला. तिनं वर धरला आणि घटाघट प्यायली, हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळ. रिकामा केला. पुढे केला. मी भरून आणला. तोही.

मी म्हटलं, आज एवढी तहान कशी?

ती तळ्याकडे पाहत होती. म्हणाली, "तहान रोजच लागस."

मग उठली आणि गाणाऱ्या बायकांत गेली. मी तांब्या हातात घेऊन बसून राहिलो. रस, माठ, प्रकाशाची गाडी, पाच कोस जाणं आणि पाच कोस येणं. तीस वर्षं मी हिला उंट म्हणत होतो आणि लोकांना हसवत होतो. मला आज राग आला आहे, पण तो कोणावर काढायचा हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

२२ ऑगस्ट

आज वही उघडली तर कालच्या मजकुराखाली दोन ओळी आहेत. अक्षर वाकडं, मोठं, पहिलीतल्या मुलासारखं. दोन वर्षांपूर्वी शाळेत बायकांचा साक्षरता वर्ग होता, ही चार महिने जायची. मी समजत होतो गप्पा मारायला जाते.

'तीन तांब्या पानी पिधं. कोंबडा दोन डाव दखी उनू.'

बाजूला हळदीचं बोट.

म्हणजे पहिल्यापासून सगळं वाचत होती! रागावावं म्हणून मी स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ती पाठमोरी भाकरी थापत होती आणि गुणगुणत होती, कालचंच गाणं. परत आलो.

आता वही देवघराशेजारच्या फळीवर ठेवतो, तिच्या हाताला येईल अशी. पेन्सिलला टोक काढून आत घातली आहे.